विक्का या आधुनिक निसर्गपूजक पंथाच्या विधीतला 'अथामे' हा सुरा नेमका कशासाठी असतो?

कापण्यासाठी नाही, हे आधी सांगतो. अथामे म्हणजे काळ्या मुठीचा, बहुधा दुधारी सुरा. विधीच्या सुरुवातीला त्याच्या टोकाने हवेत वर्तुळ आखून जागा पवित्र करतात. वनस्पती कापायला, मेणबत्तीवर खुणा कोरायला पांढऱ्या मुठीचा वेगळा सुरा असतो. इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकात जेराल्ड गार्डनर यांनी हा पंथ लोकांसमोर आणला. त्यांच्या परंपरेत ही विभागणी आहेच. वेदीवर शिवाय पेला असतो, तो पाणी या तत्त्वाचं प्रतीक. पाच टोकांच्या ताऱ्याची तबकडी पृथ्वीची. सुरा अग्नीचा की वायूचा, यावर मात्र परंपरांचं एकमत नाही. त्याचा संबंध रक्तबळीशी जोडणं सरळसरळ अन्यायाचं आहे. कित्येक जण तर त्याला धारही लावत नाहीत.