ऑस्ट्रेलियात, टास्मानियातल्या लॉन्सेस्टनच्या कॅटरॅक्ट गॉर्जमध्ये सत्तरीचे आई-बाबा आणि पाच वर्षांची मुलगी, सगळ्यांना झेपेल असा फेरफटका आहे का?

आहे, आणि गाडीही लागत नाही. बाजारपेठेपासून पंधराएक मिनिटं चाललात की किंग्ज ब्रिज येतो आणि तिथेच साउथ एस्क नदीची घळ सुरू होते. आम्ही मेलबर्नहून दोनदा गेलो, दुसऱ्यांदा सासू-सासऱ्यांना घेऊन.

घळीच्या दोन्ही अंगांनी वाटा आहेत आणि वर फर्स्ट बेसिनपाशी, म्हणजे नदीच्या रुंद डोहापाशी, झुलता पूल, मूळचा १९०४ सालचा. म्हणजे एकीकडून जायचं, दुसरीकडून यायचं. उत्तरेची वाट जवळजवळ सपाट, आजी-आजोबा गप्पा मारत येतील अशी. दक्षिणेची झिग झॅग ट्रॅक मात्र दगडाधोंड्यांची, चढाची. पहिल्यांदा आम्ही सपाट वाटेने गेलो आणि परतताना झिग झॅगचा उतार दमलेल्या गुडघ्यांवर आला. ती चूक करू नका. पायात दम आहे तोवर झिग झॅग चढून घ्या, परतीला सपाट वाट ठेवा. मुलीसाठी बाबागाडी आणणार असाल तर झिग झॅग विसराच. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांनी मुलीला घेऊन सपाट वाटेनेच यावं, तुम्ही बेसिनवर भेटा. थांबे धरले नाहीत तर चालणं सगळं मिळून तासाभराचं.

आमचे सासरे हट्टाने झिग झॅगच चढले. मध्येच एका झाडापाशी थांबून म्हणाले, "अगं, हा तर आपला सुरू!" तिथलं शी-ओक आपल्या कोकणातल्या सुरूच्याच कुळातलं. सुईसारखी काडी हलकेच ओढली की पेरापेरावर सुटते, आणि तुकडे परत एकात एक बसवता येतात. आमच्या पोरीला त्यांनी ते शिकवलं आणि पुढचा अर्धा तास ती एक पाऊल हलली नाही. बाकी रान निलगिरीचं आणि वॅटलचं, म्हणजे तिकडच्या बाभळीचं. उन्हाळ्यात वाट सोडून गवतात शिरू नका, साप असतात.

बेसिनवर पोहण्याचा तलाव फुकट आहे. डोहावरून जाणारा खुर्च्यांचा रोपवे (चेअरलिफ्ट) आहे, त्याचा दोन खांबांमधला मधला टप्पा ३०८ मीटरचा. तिकीट पडतं, पण आई खूश होतील. पलीकडच्या बागेत मोर फिरतात, चक्क आपले मोर! सासूबाईंनी चकलीचा डबा उघडला नि एक जण सरळ मांडीशीच आला. खायला घालू नका, फार सोकावलेत.

अजून उत्साह असेल तर वरच्या अंगाला डक रीचचं जुनं वीजघर आहे, १८९५चं. १९२९च्या महापुराने त्याची वाताहत केली होती. तिथवरची वाट जास्त रानातली आणि लांब, त्यामुळे आई-बाबांना बेसिनवर बसवून तुम्ही दोघं जाऊन या.

आणि जानेवारी, म्हणजे तिथला भर उन्हाळा, असला तरी सगळ्यांचे स्वेटर घ्या. संध्याकाळी हिरवळीवर वॉलबी, म्हणजे छोटे कांगारूच, चरायला येतात, ते बघत बसलात की गार वारा सुटतो.