सफरचंदाचे कलम आणि खुंटाची निवड: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या बहुतेक प्रश्नांत एक समान गोष्ट आढळली. वाणाबद्दल वाचकांनी पुष्कळ विचार केला आहे, परंतु ज्या मुळांवर, म्हणजे खुंटावर, ते वाण पुढची वीस-तीस वर्षे उभे राहणार, त्यांचा विचार अगदी शेवटी, किंबहुना कलम फसल्यानंतर केला आहे.

प्रश्न: आवडत्या सफरचंदाच्या बिया पेरून तयार केलेली तीन रोपे आता पेन्सिलीएवढी जाड झाली आहेत. त्यांना तशीच फळे लागतील का, की ती उपटून टाकावीत?

तशी फळे लागणार नाहीत. सफरचंदाचे बहुतेक वाण स्वतःच्या परागावर फळ धरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक बीमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी झाडाचा निम्मा वाटा असतो, आणि मातृवृक्षाचा वाटाही दर बीमध्ये निराळ्या रीतीने उतरतो. एकाच फळातील पाच बियांची पाच वेगळी झाडे होतात. मात्र रोपे उपटू नका. खुंट म्हणून ती चांगली आहेत. त्यांची मुळे खोल जातात आणि झाडाला आधाराची गरज भासत नाही. फक्त झाड पूर्ण आकाराचे होईल आणि फळे यायला बराच उशीर लागेल, हे गृहीत धरावे. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत ‘अँटोनोव्का’ या वाणाची बीजरोपे याच कारणासाठी खुंट म्हणून वापरली जातात.

प्रश्न: रोपवाटिकेच्या यादीत एम 9, एम 26, एमएम 106, एमएम 111 असे खुंट आहेत. क्रमांक जितका मोठा तितके झाड मोठे, असे समजावे का? माझी जमीन भारी आहे आणि पावसात पाणी साचते.

तसे समजू नये, कारण हा क्रमांक आकाराचा क्रम नाही. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधन केंद्रात, जे 1913 मध्ये सुरू झाले, युरोपभर वेगवेगळ्या नावांनी फिरणारे खुंट गोळा करून, सारखे ते एकत्र करून त्यांना क्रमांक देण्यात आले. त्या वर्गीकरणात वाढीचा जोर हा निकष नव्हता. पुढच्या क्रमांकांतही तसा क्रम नाही: एम 27 हा सर्वांत ठेंगण्या खुंटांपैकी एक आहे, तर एम 25 अतिशय जोमदार आहे. ‘एमएम’ हे मॉलिंग आणि मर्टन या दोन ठिकाणांच्या संयुक्त कामाचे चिन्ह असून, त्या मालिकेत ‘नॉर्दर्न स्पाय’ या वाणाचा संकर करून मुळांवरच्या लोकरी माव्याला प्रतिकार आणला गेला.

ढोबळ मानाने एम 9 वरचे झाड अडीच-तीन मीटरवर थांबते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ देऊ लागते. त्याची मुळे ठिसूळ असतात, त्यामुळे खांबाचा आधार पहिल्या दोन वर्षांपुरता नव्हे तर झाडाच्या आयुष्यभर द्यावा लागतो. ही अट विक्रेते सहसा आवाज खाली आणून सांगतात. एम 26 त्याहून थोडा जोमदार आहे. एमएम 106 चे झाड चार-पाच मीटरपर्यंत जाते आणि निचऱ्याच्या जमिनीत फार समाधानकारक ठरते, परंतु पाणी साचणाऱ्या जमिनीत त्याच्या बुंध्याला फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जंतूमुळे होणारी कूज लागते. तुमच्या वर्णनावरून हाच खुंट सर्वप्रथम यादीतून काढावा. एमएम 111 भारी जमीन आणि कोरडेपणा दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. झाड मोठे होईल आणि फळ उशिरा येईल, पण ते उभे राहील. तरीही पाणी साचतच असेल, तर आधी चर काढावेत किंवा उंच वाफ्यावर लागवड करावी, कारण साचलेल्या पाण्यावर उपाय ठरेल असा खुंट नाही.

फायर ब्लाइट हा जीवाणूजन्य रोग तुमच्या परिसरात असेल तर एम 9 आणि एम 26 दोन्ही धोक्याचे आहेत. अशा ठिकाणी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनीव्हा येथील प्रकल्पातून आलेले ‘जी’ मालिकेतील खुंट पाहावेत. त्यांपैकी जी 41 वर काही वाणांचा सांधा, म्हणजे खुंट आणि वाण जुळतात ती जागा, कोवळ्या वयात ठिसूळ असतो, म्हणून त्यालाही तारेचा आधार हवाच.

प्रश्न: अंगणात फुलांसाठी लावलेले जुने, निरोगी क्रॅबॲपलचे (लहान, आंबट फळांच्या सफरचंदाचे) झाड आहे. त्यावर खाण्याच्या सफरचंदाचे कलम करता येईल का?

करता येईल. दोन्ही ‘मॅलस’ याच वनस्पतिवंशातील असल्याने सांधा सहसा उत्तम जुळतो. सायबेरियन क्रॅबॲपलची रोपे तर थंड प्रदेशांत खुंट म्हणूनच वाढवली जातात. झाडाचा आकार मात्र त्या क्रॅबॲपलच्या स्वतःच्या जोमावर ठरेल, तो तुम्हाला निवडता येणार नाही.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. सफरचंदाच्या कित्येक जुन्या वाणांत विषाणू असतात, पण त्यांची बाहेरून काहीच खूण दिसत नाही. काही क्रॅबॲपल त्यांना अतिशय संवेदनशील असतात. ‘व्हर्जिनिया क्रॅब’ हे झाड तर खोडावर खाचा पाडणारा विषाणू ओळखण्यासाठी चाचणी-झाड म्हणून वापरले गेले आहे. काडी, म्हणजे कलमासाठी घेतलेला वाणाचा फांदीचा तुकडा, रोगमुक्त मातृवृक्षाची नसेल, तर तीन-चार वर्षे छान वाढलेली फांदी सांध्यापाशीच मोडू शकते.

सगळे झाड एकदम छाटू नका. पहिल्या वर्षी निम्म्या फांद्यांवर कलम करा आणि उरलेल्या फांद्या मुळांना अन्न पुरवण्यासाठी तशाच ठेवा. फांदीची साल सहज सुटू लागली, म्हणजे सालीखाली काडी सरकवून साल कलम करावे. जाड फांदीवर दोन किंवा तीन काड्या बसवाव्यात, म्हणजे जखम चहूबाजूंनी भरून येते. पुढे त्यांतील एकच राखावी. काड्या मात्र झाड पूर्ण सुप्त असतानाच काढून थंडीत ठेवलेल्या हव्यात.

माझा आग्रह असा, की क्रॅबॲपलची एक फांदी कायम ठेवावी. तिला भरपूर फुले येतात आणि कलमी वाणाला परागकण मिळतात. तिला रंगीत फीत बांधा, नाहीतर पुढच्या छाटणीत तुम्हीच ती कापून टाकाल.

प्रश्न: जिव्हा कलमे (तिरक्या कापांतल्या जिभा एकमेकांत अडकवून) केली, डोळे फुटले, पाने आली, आणि महिन्याभरात सर्व काड्या सुकल्या. पान फुटले म्हणजे सांधा जुळला होता ना?

नाही. काडीत साठवलेल्या अन्नावर आणि ओलाव्यावर डोळे फुटतात. सांधा जुळला नसतानाही ते फुटतात. त्या वेळी पानांतून पाणी उडू लागते आणि खालून पुरवठा नसल्याने काडी वाळते. साल आणि लाकूड यांमधला हिरवट पातळ थर, म्हणजे ऊतिकर, दोन्ही बाजूंचा एकमेकांना चिकटला तरच नवा ऊतक-पूल तयार होतो. खुंटाची साल जाड आणि काडीची पातळ असते, म्हणून दोन्हींच्या सालींच्या बाहेरच्या कडा जुळवल्या तर आतले थर जुळत नाहीत. काडी बारीक असेल तर ती मध्यभागी न ठेवता एका बाजूला सरकवून तिथला थर जुळवावा.

दुसरे कारण काडीची अवस्था. डोळे फुगू लागल्यावर काढलेली काडी शर्यतीत आधीच मागे असते. काडी ओलसर कापडात गुंडाळून शून्याच्या थोडे वर, 1 ते 4 अंश सेल्सिअसला ठेवावी. पिकणाऱ्या फळांसोबत ठेवू नये, कारण त्यांतून निघणारा इथिलीन वायू डोळ्यांना मारक ठरतो. मी स्वतः एका हंगामाच्या काड्या फळांच्या टोपलीशेजारी ठेवून गमावल्या आहेत. त्यांची साल खरवडल्यावर हिरवी दिसत होती, म्हणून शंकाही आली नव्हती.

तिसरे, कापाचा पृष्ठभाग. बोथट सुरीने लाकूड खवल्यासारखे निघते आणि मध्ये हवेची पोकळी राहते. एकाच ओढीत सपाट काप येईपर्यंत टाकाऊ फांद्यांवर सराव करावा. सांधा बांधून काडीच्या टोकालाही मेण लावायला विसरू नये.

प्रश्न: लावताना कलमाचा सांधा मातीत गाडला गेला. काही बिघडते का?

ठेंगणा खुंट असेल तर नक्की बिघडते. सांध्याच्या वरचा भाग मातीत स्वतःची मुळे सोडतो आणि झाड खुंटाच्या नियंत्रणातून सुटून पूर्ण आकाराचे होते. माती बाजूला ओढून सांधा जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटर वर येईल असे करा. मुळे फुटली असतील तर ती बुंध्यालगत कापून टाका.