जुन्या डेस्कटॉपला वायफाय जोडायचं आहे. डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा वायफाय अ‍ॅडॅप्टर) घेऊ, आत कार्ड बसवू, की मशीनच बदलू?

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१२ च्या सुमारास असेंबल करून घेतलेला पीसी, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३ प्रोसेसर, त्यावर विंडोज १०. नेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. राऊटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी, पीसी मागच्या खोलीत, मध्ये दोन विटांच्या भिंती. मुलीचे ऑनलाइन क्लास आणि तुमचं बँकेचं, ऑफिसचं थोडंफार काम. आणि दुकानदार म्हणतोय, "साहेब, आता नवीनच घ्या."

नुसत्या वायफायसाठी मशीन बदलू नका. मी सहा-सात वर्षं असेंब्लीच्या दुकानात काढली आहेत. एच६१ चे बोर्ड मी पाहिलेल्यांतले सगळ्यात चिवट. वायफाय हा त्यांच्या बाबतीत किरकोळ प्रश्न आहे.

खरेदीच्या आधी एक फुकटची चाचणी करा. कुठलाही अँड्रॉइड फोन घरच्या वायफायला जोडा, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि चार्जिंगच्या केबलने तो पीसीला लावा. केबल डेटा जाणारी हवी, काही स्वस्त केबल नुसत्या चार्जिंगपुरत्या असतात. मग फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग सुरू करा. बहुतेक फोन अशा वेळी स्वतःला मिळणारं वायफायच पुढे पीसीला देतात, म्हणजे फोनच तुमचा डोंगल झाला. (आयफोनचं हे जमत नाही, तो फक्त सिमचं नेट वाटतो.) आता फोन आधी कॅबिनेटच्या मागे ठेवून स्पीड बघा, मग टेबलावर, मग दाराजवळ. दहा मिनिटांत कळेल की तुमच्या खोलीत मुळात सिग्नल येतो किती आणि कुठे येतो. टेबलावरसुद्धा फोन रडत असेल तर कितीही महागडा डोंगल आणा, तोही रडणारच. कायमचा उपाय म्हणून मात्र फोन असा लावून ठेवू नका. चोवीस तास चार्जिंगवर राहिलेल्या जुन्या फोनच्या बॅटऱ्या फुगलेल्या मी पाहिल्या आहेत.

ही चाचणी मी शिकलो ती ठेच लागल्यावर. साताऱ्याला सासऱ्यांच्या पीसीला मी नखाएवढा छोटा डोंगल लावून दिला होता, मागच्या यूएसबीत. व्हिडिओ कॉलवर नातीचा चेहरा दर मिनिटाला गोठायचा आणि सासरे माझ्याकडे बघायचे. स्पीड भरत होता ४ एमबीपीएस, आणि त्याच खोलीत माझ्या फोनवर ५० च्या वर. डोंगल खराब नव्हता. तो लोखंडी कॅबिनेटच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून, वायरींच्या जंजाळात बसला होता. दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल आणली, डोंगल मॉनिटरच्या वरच्या कडेला दुहेरी टेपने चिकटवला आणि स्पीड ३८ वर गेला. पीसी तोच, डोंगल तोच, राऊटरही तोच.

म्हणून डोंगल की कार्ड याआधी मी विचारतो की अँटेना कुठे येणार. पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड आतून मजबूत असतं, पण त्याचे अँटेना येतात नेमके कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून. ज्या कार्डासोबत अँटेना वेगळ्या वायरीवर येतो आणि खाली लोहचुंबकाचा तळ असतो, तेच घ्यावं. तो अँटेना उचलून टेबलावर ठेवता येतो. इंटेलच्या एएक्स२०० चिपची कार्डं चांगली चालतात, फक्त विंडोज १० ची ६४ बिट आवृत्ती लागते. त्यावर ब्लूटूथही असतं, पण ते चालायला कार्डातून निघणारी छोटी वायर बोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांवर लावावी लागते. हे कोणी सांगत नाही आणि लोक ब्लूटूथ बिघडलंय म्हणून कार्ड परत घेऊन येतात.

कार्ड घ्यायचं तर आधी कॅबिनेट उघडून जागा बघा. लांब पांढरे स्लॉट दिसतात ते जुने पीसीआयचे, त्यात हे कार्ड बसत नाही. बोटाच्या पेराएवढा छोटा स्लॉट असतो तो पीसीआय एक्सप्रेस एक्स१, तो हवा. ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर बहुधा त्याच्याच पंख्याखाली हा झाकला गेलेला असतो. ऑफिसातून लिलावात येणारे चपटे ब्रँडेड डेस्कटॉप असतील तर कार्डासोबत अर्ध्या उंचीची पत्रा-पट्टी आली आहे ना, हेही पाहा.

तुमच्या गरजेला मात्र मी डोंगलच सांगेन. ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारा), बाहेर अँटेना असलेला, एसी६०० वर्गातला, आणि सोबत एक्स्टेंशन केबल. खोक्यावर १५० लिहिलेला एका बँडचा नखाएवढा डोंगल टाळा. तो १५० चा आकडा राऊटरने ४० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल दिला तरचा. आपल्याकडच्या सोसायटीत वरखाली, आजूबाजूला पंधरा राऊटर ओरडत असतात, तिथे २.४ गिगाहर्ट्झवरचा राऊटर २० मेगाहर्ट्झवरच बसतो. मग जोडणी होते ७२ वर आणि हाती पडतात ४० च्या आसपास, तेही नशीब असेल तर. एसी६०० डोंगलला ५ गिगाहर्ट्झवर ४३३ ची जोडणी मिळते. अर्धं गळालं तरी तुमच्या १०० च्या प्लॅनला पुरून उरतं.

त्याहून मोठा, एसी१३०० वगैरे, घेण्यात तुमच्या बाबतीत फार अर्थ नाही. एच६१ चिपसेटमध्ये मुळात यूएसबी ३.० नाहीच. काही बोर्डांवर वेगळी चिप टाकून एखाददोन निळे पोर्ट दिलेले असतात, तेवढेच. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८०, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी, म्हणजे मोठ्या डोंगलचा जोर पोर्टमध्येच अडतो. निळे पोर्ट असतील तर आणखी एक भानगड लक्षात ठेवा. यूएसबी ३.० ची हार्डडिस्क चालू असताना तिच्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट सांडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर लिहून ठेवलंय. बॅकअप सुरू केला की वायफाय मंदावतं, वायरलेस माउस अडखळतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. डोंगल त्या पोर्टांपासून हातभर लांब ठेवा.

५ गिगाहर्ट्झला भिंती आवडत नाहीत, हेही आलंच. दोन विटांच्या भिंती तो बहुतेक वेळा पार करतो, दगडी वाड्याची दीड-दोन फुटांची भिंत किंवा मधला स्लॅब मात्र त्याला झेपत नाही. फोनच्या चाचणीत तुमच्याकडे हेच दिसलं तर डोंगल आणि कार्ड दोन्ही विसरा आणि लॅन पोर्ट असलेला रेंज एक्स्टेंडर घ्या. तो खोलीच्या दाराजवळच्या प्लगला, जिथे सिग्नल अजून धड आहे तिथे लावायचा आणि तिथून लॅनची वायर पीसीत. माळ्यावर पडलेल्या जुन्या राऊटरमध्ये क्लायंट किंवा रिपीटर मोड (घरचं वायफाय पकडून पुढे देणारा) असेल तर तोच वापरा, खर्च शून्य. यात पीसीला वाटतं आपल्याला साधी वायर लावली आहे. वायफायचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) लागत नाही, विंडोज कुठलं आहे याच्याशी घेणंदेणं नाही. एक्सपीवर चालणारी बिलिंगची मशीनं मी अशीच जोडली आहेत. विंडोज ७ वर असणाऱ्यांनाही हे सोयीचं, कारण विंडोज ७ ला डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, कळत नाही. राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही ते जोडलंच जात नाही.

आणि खरी वायर? जमत असेल तर तिच्यासारखं दुसरं काही नाही. कॅट६ केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार जाते, तुमचं अंतर पंधरा-वीस मीटर असेल. स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टीत घातली तर दिसतही नाही. दिव्यांच्या वायरिंगच्या पाइपात मात्र ती कोंबू नका, इलेक्ट्रिशियन म्हणाला "चालतं" तरी. केबल पूर्ण तांब्याची आहे ना, हे विचारून घ्या. स्वस्तातल्या पुष्कळ केबल आतून ॲल्युमिनियमच्या असतात आणि वर तांब्याचा मुलामा. खिडकीबाहेरून, गच्चीवरून वायर नेऊ नका. वळवाच्या पावसात विजांनी उडालेले लॅन पोर्ट दुकानात दरवर्षी मे महिन्यात रांगेने यायचे. तुमचा पोर्ट जिवंत आहे का, हेही वायर विकत घेण्याआधी पीसी उचलून हॉलमध्ये नेऊन राऊटरला लावून बघा.

घरच्या विजेच्या तारांतून नेट नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॅप्टर कोणी सुचवतील. आपल्या घरांत इन्व्हर्टरचं वायरिंग वेगळं असतं, पीसी स्पाइक गार्डवर असतो आणि दोन खोल्या दोन वेगळ्या फेजवर असू शकतात. या तिन्ही गोष्टी त्याच्या मुळावर येतात. मी त्या वाटेला जात नाही.

डोंगल आला की पहिली अडचण ड्रायव्हरची. सोबत इवलीशी सीडी येते आणि तुमचा डीव्हीडी ड्राइव्ह कधीच गेलेला असतो. नेट जोडायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर उतरवायला नेट! तेव्हा तोच यूएसबी टेदरिंगवाला फोन पुन्हा कामाला लावा, विंडोज १० बरेचदा स्वतःच ड्रायव्हर शोधून घेतं. मात्र विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि तुमच्या आय३ वर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. बँकेचं काम करता, म्हणून पुढेमागे लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी बसवायच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमवर, जायचा विचार करा. त्या दृष्टीने डोंगल मीडियाटेकच्या एमटी७६१० चिपचा मिळाला तर उत्तम. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. रिअलटेकच्या काही चिपना ड्रायव्हर बाहेरून आणून बसवावा लागतो आणि कर्नल अपडेट झालं की तो रुसतो.

आणि हो, कॅबिनेट उघडाल तेव्हा बोर्डवरचा तो गोल सेल बदलून टाका, सीआर२०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तुमच्या मशीनचा तो मूळचाच असेल तर कधीच संपला असणार. सेल गेला की मेन स्विच बंद करताच पीसीची तारीख मागे, बोर्ड बनला त्या सालात जाते. मग वायफाय फुल दाखवतं आणि बँकेची साइट "जोडणी सुरक्षित नाही" म्हणत उघडत नाही. असे चांगले डोंगल परत करायला आलेले लोक मी मोजले असते तर बरं झालं असतं. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, मग डोंगलला शिव्या द्या.