जुना गेमिंग संगणक आणि पंचवीस हजार रुपये

प्रश्न : मी सोलापूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. थोरल्या भावासाठी २०१८ च्या दिवाळीत असेंबल करून घेतलेला संगणक आता माझ्याकडे आला आहे. त्यात रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबरच आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे. मॉनिटर साधा फुल एचडी आहे. व्हॅलोरंट चालतो, पण मध्येच अडखळतो. जीटीए ५ मध्ये गाडी वेगात नेली की रस्ते आणि इमारती धूसर दिसतात आणि मागाहून स्पष्ट होतात. सायबरपंक २०७७ खेळण्याजोगा चालतच नाही. दुकानदार म्हणतात, हे सगळे मोडीत काढा आणि पंचाहत्तर हजारांचा नवा संच घ्या. माझ्याकडे शिकवण्यांतून साठवलेले २५,००० रुपये आहेत. मी दर विचारले तेव्हा ८ जीबी रॅम ४,०००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) ४,५००, नवे आरएक्स ६६०० कार्ड २२,००० आणि तेच वापरलेले १३,००० रुपयांना मिळेल असे कळले. सगळे पैसे नव्या कार्डात घालावेत काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दुकानदारांचा सल्ला मला मान्य नाही, आणि सगळे पैसे कार्डात घालण्याचा तुमचा विचारही मान्य नाही. तुमच्या मदरबोर्डावरचे एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) रायझन बनवणाऱ्या एएमडीने २०१७ च्या पहिल्या रायझनपासून पुढे अनेक वर्षे चालू ठेवले, त्यामुळे २०१८ च्या बोर्डावर २०२२ चा प्रोसेसरही बसतो. अशी सोय असलेला संच मोडीत काढणे म्हणजे पाया पक्का असलेले घर छप्पर गळते म्हणून पाडणे होय. मात्र पैसे कोठे घालायचे हे ठरवण्यापूर्वी, संगणक नेमका कोठे अडतो आहे ते तुम्ही स्वतः पाहून घ्यावे.

त्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर हे विनामूल्य सॉफ्टवेअर बसवा आणि खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रोसेसरचा वापर, व्यापलेली रॅम आणि दोन्हींचे तापमान दिसेल अशी व्यवस्था करा. कार्डाचा वापर सतत ९७ ते ९९ टक्के राहत असेल, तर कार्ड कमी पडते आहे. तो साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) कमी मिळत असतील, तर प्रोसेसर किंवा रॅम त्याला उपाशी ठेवते आहे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज असा आहे की तुमच्या तीन खेळांची दुखणी तीन वेगवेगळी आहेत. व्हॅलोरंट अडखळतो तेव्हा ८ जीबी रॅम भरलेली असावी. पुढच्या वेळी तो अडखळला की कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा पाहा. चित्र थबकते त्याच क्षणी तो न लुकलुकता पेटून राहत असेल, तर विंडोज रॅममध्ये न मावणारा मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते आहे असे समजा. जीटीए ५ मधले धूसर रस्ते हे मुख्यतः हार्ड डिस्कचे काम आहे, कारण गाडी ज्या वेगाने पुढे जाते त्या वेगाने तिला पुढचे शहर वाचून देता येत नाही. सायबरपंकच्या निर्मात्यांनी तर २०२३ मध्ये किमान अपेक्षाच वाढवल्या असून त्यांत १२ जीबी रॅम, एसएसडी आणि ६ जीबीचे जीटीएक्स १०६० आहे. तुमचा संगणक या तिन्ही बाबतींत त्या रेषेच्या खाली आहे. बावीस हजारांचे कार्ड आणले असते तरी यांतल्या दोन तक्रारी जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या असत्या.

म्हणून पहिला खर्च रॅमचा. दुसरी ८ जीबीची पट्टी शक्यतो आहे त्याच वेगाची घ्या. एकाच पट्टीवर प्रोसेसरला रॅमकडे जाण्याचा एकच मार्ग मिळतो, दोन पट्ट्यांवर दोन मिळतात, आणि रायझनच्या या पिढ्यांमध्ये प्रोसेसरच्या आतली जोडणीही रॅमच्या वेगावर चालत असल्याने फरक चांगलाच जाणवतो. पट्ट्या कोणत्या खाचांत बसवायच्या ते मदरबोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी हा रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय चालू करा. तो बंद असल्यामुळे ३२०० च्या वेगाची रॅम वर्षानुवर्षे २१३३ किंवा २४०० वर चालत राहिलेली मी कित्येक घरांत पाहिली आहे. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात हा वेग लिहिलेला दिसतो. आजच पाहा, कारण या सुधारणेला एक रुपयाही लागत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे दर झपाट्याने वाढले आहेत, तेव्हा खात्रीच्या ठिकाणी तपासून मिळणारी वापरलेली पट्टी घ्यायलाही माझी हरकत नाही. रॅम ही सहसा झिजणारी वस्तू नव्हे.

दुसरा खर्च एसएसडीचा. बी४५० बोर्डावर एम.२ ची खाच असते, तीत ती बसेल. विंडोज आणि नेहमीचे दोन-तीन खेळ तिच्यावर ठेवा आणि जुनी हार्ड डिस्क चित्रपट, छायाचित्रे यांसाठी राहू द्या. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने नव्या एसएसडीवर थेट विंडोज ११ च घाला. तुमचा रायझन ५ २६०० मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत आहे. त्याच्या आधीचा १६०० नाही, इतक्या थोडक्यात तुमचे निभावले आहे. बायोसमध्ये टीपीएम आणि सिक्युअर बूट हे सुरक्षेचे दोन्ही पर्याय चालू ठेवावे लागतील, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्यांच्याशिवाय सुरूच होत नाही. त्याआधी बायोस अद्ययावत करून घ्या. एएमडीच्या संगणकांवर याच टीपीएममुळे अधूनमधून अडखळण्याचा दोष होता आणि २०२२ मध्ये बायोसद्वारे तो दूर करण्यात आला. एक खबरदारी मात्र कटाक्षाने पाळा : बायोस लिहिला जात असताना लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, त्यामुळे हे काम यूपीएसवरच करा.

कॅबिनेट उघडलेच आहे तर सफाईही करून घ्या. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच इतकी तापलेली असते की आतल्या पंख्यांना थंड हवा मिळण्याची सोय नसते, आणि सात वर्षांची धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी जमलेली असते. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मगच ब्लोअर मारा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) एव्हाना खडूसारखी वाळली असेल, ती बदला. येथे एक धोका आहे. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात, आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो. पिना वाकल्या की पंचवीस हजारांचे सगळे गणित तेथेच कोलमडते. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटे एखादा खेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, संगणक बंद करून वायर काढा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा.

आता ज्या वस्तूबद्दल तुम्ही काहीच विचारले नाही तिच्याविषयी मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे, ती म्हणजे एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले तरी त्यावर विसंबू नका. त्याच्या अंगावरचे लेबल वाचा आणि १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा, कारण प्रोसेसर आणि कार्ड या दोघांची भूक मुख्यतः त्याच वाहिनीवर भागते. तेथे २० अँपिअर असतील तर बारा विसे दोनशे चाळीस, एवढेच वॅट खरे कामाचे. आरएक्स ६६०० कार्ड एकटे १३२ वॅटपर्यंत घेते, प्रोसेसर ६५ वॅटचा आहे, आणि खेळात क्षणिक ओढ याहून जास्त असते. शिवाय या कार्डाला आठ पिनांची स्वतंत्र वायर लागते. ती नसली की दुकानात मोलेक्सचे (जुन्या चार पिनांच्या वायरीचे) जोड देतात. ते घेऊ नका, कारण त्या जोडांची तोंडे वितळलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. नावाजलेल्या कंपनीचा ८० प्लस ब्राँझ प्रतीचा ५५० वॅटचा एसएमपीएस चार हजारांच्या आसपास मिळेल. तो नवाच घ्या, वापरलेला घेऊ नका. पुढचा अख्खा संगणक बदललात तरी तो तुमच्याकडे राहील.

त्याच ओघात घरातले अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही असे समजून वायरमनला बोलवा. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो. खेळ बंद करून संगणक नीट बंद करण्यापुरता तो तुम्हाला पुरेल.

हे झाल्यावर कार्ड. तुमच्या अंदाजपत्रकात वापरलेले आरएक्स ६६०० हीच योग्य निवड मला वाटते. ८ जीबी स्मृती, फुल एचडी पडदा आणि तुमचा प्रोसेसर यांचा मेळ बसतो. तुमचा बोर्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या) तिसऱ्या पिढीचा असल्याने किंचित वेग कमी मिळेल, पण तो खेळताना जाणवणारा नाही. स्वस्त म्हणून आरएक्स ६५०० एक्सटीकडे मात्र वळू नका. त्याला बोर्डाशी जोडणाऱ्या चारच मार्गिका आहेत आणि ४ जीबीच स्मृती आहे, त्यामुळे तुमच्या बोर्डावर ते फार मार खाते. एसएमपीएस बदलणे अगदीच शक्य नसेल तर ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० हा पर्याय उरतो. ते ७० वॅटमध्ये, बहुधा वेगळ्या वायरीशिवाय चालते, पण आरएक्स ६६०० पेक्षा मंद आहे. जुने १०५० टीआय ठेवून वेळ काढावा म्हणाल, तर एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या खेळांना साजेसे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहे.

वापरलेले कार्ड पाहिल्याशिवाय आणि चालवल्याशिवाय घेऊ नये. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डांकडून सतत गणिते करून घेऊन चलन मिळवणे) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही, पण त्याचे पंखे आणि पेस्ट थकलेली असते. विक्रेत्यासमोर अर्धा तास जड खेळ चालवा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा रेषा उमटतात काय ते पाहा, पंख्याला कान लावून घरघर ऐका, आणि कार्डावरचा सिरियल क्रमांक मूळ बिलाशी ताडून घ्या. मुंबईला जाणे होणार असेल तर लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने फिरून दर कळतील, मात्र तेथेही पक्के बिल आणि बदलून देण्याची मुदत लिहून घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

बेरीज अशी होते : रॅम ४,०००, एसएसडी ४,५००, एसएमपीएस ४,०००, कार्ड १३,००० आणि पेस्टचे तीनशे, म्हणजे २५,८०० रुपये. वरचे आठशे तुमचे जुने कार्ड विकून सहज निघतील. नवे कार्ड आठवडाभर बिनघोर चालल्यानंतरच ते विका. सगळी खरेदी एकाच दिवशी करण्याचे कारण नाही. रॅम आणि एसएसडी बसवल्यावर आठ-दहा दिवस खेळून पाहा, कदाचित कार्डाची घाई तुम्हालाच वाटणार नाही. पुढे वर्षभरात पैसे जमले आणि व्हॅलोरंटमध्ये अधिक फ्रेम हव्याशा वाटल्या, तर याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवता येईल. तुमच्या नेमक्या बोर्डाला तो चालतो काय हे बोर्डाच्या कंपनीच्या यादीत आधी पाहा. सध्या ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर त्याचा फायदा तुम्हाला फारसा दिसणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे २०१४ चा आय५ ४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि हार्ड डिस्क असलेला संगणक आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मुलाला नवे खेळ खेळायचे आहेत. बारा हजारांत काही करता येईल काय? पावसाळ्यात तो कधीकधी सुरूच होत नाही, रॅम हलवली की होतो.
– एक पालक, रत्नागिरी

उत्तर : या संचात पैसे घालू नका, असे मला स्पष्टच सांगितले पाहिजे. डीडीआर३ रॅम आणि हे सॉकेट पुढच्या कोणत्याही संगणकात उपयोगी पडणार नाही, आणि विंडोज ११ साठी हा प्रोसेसर मान्य यादीत नाही. वापरलेला आय७ ४७९० घ्या असे कोणी सुचवील, त्यालाही नकार द्या. आत्ता फक्त एक साटा एसएसडी घ्या. ती पुढच्या संगणकातही चालते आणि तोवर मुलाचा अभ्यास व जुने खेळ सुरळीत होतील. विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा योजनेत नोंदणी केलीत तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची काळजी मिटेल. उरलेली रक्कम तशीच ठेवून तीत भर घाला आणि एएम४ चा वापरलेला प्रोसेसर, बोर्ड व रॅम असा संच शोधा.

पावसाळ्यातला दोष बहुधा समुद्राकाठच्या दमट हवेचा आहे. वायर काढून रॅम बाहेर घ्या, तिच्या सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवा, कण कोरड्या ब्रशने झटका, खाचेतली धूळ ब्लोअरने काढा, आणि दोन्ही टोकांचा खटका लागल्याचा आवाज येईपर्यंत पट्टी सरळ दाबून बसवा.