चंद्र दरवर्षी 3.8 सेंटिमीटर दूर जातो, हे नेमके कसे कळते?

चंद्राचे अंतर महिन्याभरात साधारणतः 3,63,000 ते 4,05,000 किलोमीटर एवढे बदलत असताना त्यातून वर्षाचे 3.8 सेंटिमीटर वेगळे काढता येतीलच कसे, ही आपली शंका रास्त आहे. इंदुरात आमच्या गच्चीवर दुर्बिणीभोवती जमणारी मुलेही मला हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा झोत चंद्रावरील परावर्तकांवरून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून चंद्राचे अंतर मोजतात. अपोलो 11, 14 आणि 15 या मोहिमांनी चंद्रावर ठेवलेले हे परावर्तक म्हणजे साधे आरसे नव्हेत. त्यांतील प्रत्येक लोलकाला परस्परांशी काटकोन करणारी तीन पृष्ठे असल्यामुळे प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेने परत जातो. न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट वेधशाळेच्या 3.5 मीटरच्या दुर्बिणीतून सुटलेला झोत चंद्रावर सुमारे दोन किलोमीटर पसरतो, तर परतताना पृथ्वीवर सुमारे 15 किलोमीटर. त्यामुळे एकावर सतरा शून्ये एवढे प्रकाशकण सोडले, तरी हाती जेमतेम एखादाच लागतो. प्रकाशाच्या या जाण्यायेण्याला लागणाऱ्या सुमारे अडीच सेकंदांत पृथ्वीही फिरत असते. इंदूरच्या अक्षांशावर तर जमीन तेवढ्या वेळात एक किलोमीटरहून अधिक सरकते. हे सारे हिशेबात धरावे लागते. हवेमुळे होणारा विलंब आणि भरतीच्या ओढीने जमिनीचे उचलले जाणेही.

आता मूळ प्रश्न. यंदाच्या अंतरातून गेल्या वर्षीचे अंतर वजा करून 3.8 सेंटिमीटर मिळत नाहीत. 1969 पासूनची हजारो मोजमापे एकाच गणिती प्रतिमानाशी ताडून पाहिली जातात, आणि आपल्याला अडथळा वाटणारा तो मासिक चढउतार तेथे घड्याळाचे काम करतो. पृथ्वीवरील भरतीमुळे चंद्राची कक्षा रुंदावते, तसा त्याचा कोनीय वेग, म्हणजे पृथ्वीभोवती फेरी घेण्याचा वेगही मंदावतो. हा परिणाम वर्षांच्या वर्गाच्या प्रमाणात साचतो: पन्नास वर्षांत कक्षा रुंदावते दोन मीटरही नाही, पण वेग न मंदावता चंद्र जेथे पोहोचला असता, त्याच्या तो सुमारे सहा किलोमीटर मागे पडतो. मागे पडल्यामुळे त्याचे जवळ येणे आणि दूर जाणेही तितके उशिरा घडते, आणि अंतर मिलिमीटरपर्यंत मोजता येत असल्याने हा उशीर लपत नाही. मंदावण्याचा दर एकदा हाती आला की कक्षेचा आकार आणि फेरीचा काळ यांचे नाते सांगणाऱ्या केप्लरच्या तिसऱ्या नियमाने रुंदावण्याचा दर निघतो. मला स्वतःला या मोजणीतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

तो चढउतार आपल्याला घरूनही पाहता येईल. उपभू (चंद्र सर्वांत जवळ असताना) आणि अपभू (सर्वांत दूर असताना) अशा दोन्ही वेळी एकाच भिंगाने चंद्राची छायाचित्रे घेऊन बिंबांचे व्यास मोजा. सुमारे अकरा टक्क्यांचा फरक साध्या पट्टीनेही स्पष्ट मिळतो.