भुईआवळ्याचा पाला काळा का पडतो, आणि काविळीत रस द्यावा का?

प्रश्न : भुईआवळा वाळवला, पण पाला काळपट पडला म्हणून व्यापाऱ्याने माल परत केला. काय चुकले? घरात काविळीचा रुग्णही आहे, त्याला ताजा रस द्यावा का?

उत्तर : आधी रुग्णाचे बघा. रसाच्या भरवशावर घरी ठेवू नका, आजच रक्त तपासून घ्या. कावीळ हेपॅटायटिसने होते, पित्ताचा खडा नळीत अडकल्याने होते, आणि भातखाचरात राबणाऱ्यांना लेप्टोनेही (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) होते. लेप्टोवर वेळेत अँटिबायोटिक मिळाले नाही तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

भुईआवळ्याला यकृताची वनस्पती म्हणतात, त्याला आधार आहे. प्रयोगात उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताला इजा करणारे रसायन दिले की यकृतात फ्री रॅडिकल (पेशींना इजा करणारे अस्थिर कण) तयार होतात, पेशीच्या आवरणातली मेदद्रव्ये बिघडतात, पेशींचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन घटते आणि रक्तात एसजीपीटी (यकृताच्या इजेची खूण असलेले एन्झाइम) वाढते. पाल्याचा अर्क दिलेल्या उंदरांत ही इजा कमी दिसते. पण तो अर्क वजनाप्रमाणे मोजून, बऱ्याचदा इजेच्या आधीपासून दिलेला असतो. त्यावरून माणसाला किती वाट्या रस द्यायचा, हे ठरत नाही.

आता माल. तुमचा पाला बहुधा ढिगात तापला. उपटलेला ओला भुईआवळा रात्रभर गठ्ठ्यात राहिला की आतून गरम होतो आणि पाल्यातली पॉलिफिनॉल (हवा लागून काळपट होणारी वनस्पतीतली द्रव्ये) काळी पडतात. फळे हिरवी असताना, दव उडाल्यावर काढा. मुळांची माती झटका. त्याच दिवशी सावलीत, जाळीवर किंवा बांबूच्या ताटीवर दोन इंचांपेक्षा जाड थर न करता पसरा आणि पहिल्या दिवशी तीन-चारदा पालटा. खाली स्वच्छ कापड अंथरा. वाळताना बारीक पाने गळतात, आणि फिलँथिन, म्हणजे ज्यावर मालाची प्रत तपासतात ते द्रव्य, मुख्यतः पानांतच असते. तो चुरा केर म्हणून झाडून टाकला तर हाती नुसत्या काड्या उरतात. काडी कडकन मोडली, पान चिमटीत चुरले की पोत्यात भरा. पोती जमिनीला टेकू देऊ नका.

ओळखही तपासा. आपल्याला हवा त्या भुईआवळ्याचे खोड हिरवे, फळ गुळगुळीत आणि बारीक देठाचे असते. तांबूस खोडाचा, खरबरीत बिनदेठी फळाचा भाऊबंद मिसळला तर फिलँथिनच्या तपासणीत माल मार खातो.

तणनाशक मारलेल्या सोयाबीनमधला किंवा कपाशीतला भुईआवळा मात्र गोळा करू नका. तो औषधात जाणार आहे.