ठराव वाचताना आधी आकडा बघ

अगं, परवा फोनवर तू तावातावाने म्हणालीस ना, निळं हेल्मेट घालून नुसतं बघत उभं राहायचं असेल तर यूएन शांतिसेना पाठवतंच कशाला, तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. राग बरोबर आहे तुझा, फक्त तो तिथल्या जवानांवर काढू नकोस.

रवांडाचंच घे. तिथल्या शांतिसेनेचा प्रमुख जनरल दालेअर, त्याने जानेवारी 1994 मध्येच न्यूयॉर्कला यूएनच्या मुख्यालयात कळवलं होतं की राजधानी किगालीत शस्त्रं लपवलीयत, तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या लोकांची नोंद करायला सांगितलंय, मी छापा टाकतोय. वरून नकार आला, मॅन्डेटमध्ये, म्हणजे शांतिसेनेला दिलेल्या अधिकारात, बसत नाही म्हणून. एप्रिलमध्ये तुत्सींची कत्तल सुरू झाली, शांतिसेनेतले बेल्जियमचे 10 सैनिक मारले गेले आणि त्या देशाने अख्खी तुकडीच परत बोलावली. किगालीतल्या एका शाळेत या बेल्जियन जवानांच्या भरवशावर 2000 च्या आसपास माणसं जीव मुठीत धरून बसली होती, 11 एप्रिलला गाड्या गेटबाहेर पडल्या आणि त्यातल्या बहुतेकांना मारून टाकलं. इथे आलं की मला अजूनही पुढचं पान उलटवत नाही. आणि 21 तारखेला सुरक्षा परिषदेने काय करावं, तर अडीच हजारांची फौज 270 वर आणायचा ठराव! मे मध्ये परत 5500 मंजूर केले, पण यूएनकडे स्वतःचं सैन्य आहे कुठे? यूएनच्या चार्टरच्या, म्हणजे सनदेच्या, कलम 43 प्रमाणे देशांनी करार करून फौज द्यायची होती, तसा एकही करार आजवर झालेला नाही. त्यामुळे दरवेळी दारोदार मागत फिरायचं, आणि जवान पोचेपर्यंत 8 लाखांच्या आसपास माणसं गेली होती.

बळ वापरलं की सगळं सुटतं असंही नाही बरं का. जुलै 2000 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या कैलाहूनला बंडखोरांच्या वेढ्यात अडकलेल्या, शांतिसेनेतल्या आपल्या गोरखा जवानांना ऑपरेशन खुकरी या मोहिमेने लढून बाहेर काढलं, अभिमानच वाटतो. पण तिथल्या शांतिसेनेचे भारतीय फोर्स कमांडर मेजर जनरल जेटली आणि नायजेरियन अधिकाऱ्यांचं इतकं बिनसलं, की सप्टेंबरमध्ये भारताने आपली फौज काढून घ्यायचं जाहीर केलं.

म्हणून डिझर्टेशनचा पहिला चॅप्टर दालेअरवर नको, 21 एप्रिलच्या मतदानावर लिही. ठराव एकमताने झाला होता, आणि त्या वर्षी रवांडा स्वतः परिषदेचा सदस्य होता, म्हणजे कत्तल करणाऱ्या सरकारचाच माणूस त्या टेबलाशी बसलेला. ड्राफ्ट झाला की पाठव, रात्री उशीर झाला तरी वाचतो.